बंडखोर कोण, आज्ञाधारक कोण?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



यंदाचा विषय तरुण कार्यकर्त्यांनी सुचवला आहे. 'बंडखोरी बरी की आज्ञाधारकपणा?' विषय त्यांचा आणि वक्ता मात्र रेल्वेतला, म्हणजे सकाळी उठल्यापासून रूलबुकाप्रमाणे वागणारा माणूस! ह्यात काहीतरी मिश्कीलपणा आहे हे माझ्या लक्षात आलं आहे. मी काही वक्ता नाही. मिरजेकडचा माणूस, तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केला, परीक्षा देऊन रेल्वेत पी-वे खात्यात लागलो, आणि गेली वीस-बावीस वर्षं रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यातच आहे. तेव्हा पुस्तकी व्याख्या माझ्याकडून अपेक्षू नका. माझ्या धंद्यात हे दोन शब्द मला जसे भेटले तसे सांगतो, आणि त्यातून आपल्या ह्या बेंगळुरू शहराशी जोडलेल्या एका मराठी माणसाची गोष्ट सांगतो. ती आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल.

शाळेत आपण सगळ्यांनी रजेचा अर्ज लिहिला आहे. शेवटी काय लिहायचं? 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी.' आदल्या दिवशी तास बुडवून मॅटिनी पाहिली असली तरी आज्ञाधारकच! म्हणजे हा शब्द आपण पहिल्यांदा शिकलो तोच मुळी खोटं लिहिताना. दुसरा शब्द 'बंड'. १८५७ साली जे झालं त्याला आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीची माणसं सहज 'बंड' म्हणत असत, कारण सरकारी कागदात तसं होतं. पुढे त्यालाच आपण स्वातंत्र्यसमर म्हणू लागलो. घटना तीच, सांगणारा बदलला. आणि हल्ली? हल्ली बंड म्हटलं की डोळ्यांपुढे वातानुकूलित बस येते, शहराबाहेरचं रिसॉर्ट येतं आणि गेटवर पोलीस बंदोबस्त येतो. कर्नाटक काय, महाराष्ट्र काय, कुठल्याही पक्षाचं नाव घ्यायची गरज नाही. सगळे एकदम उठतात, एकाच बसमध्ये बसतात, एकच वाक्य बोलतात आणि ह्याला बंड म्हणायचं! मला तर ती कवायत वाटते.

आता रुळावर येतो.

रुळाचं काम करताना गाडी अंगावर येऊ नये म्हणून आमच्याकडे एक पद्धत ठरलेली आहे. ब्रॉडगेज लाइनवर ज्या ठिकाणी रूळ उघडायचा असेल तिथून ६०० मीटरवर दोन्ही रुळांवर आडवा लाल बॅनर फ्लॅग लावायचा. १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन डिटोनेटर लावायचे. आमचे ट्रॅकमन त्यांना पटाखेच म्हणतात. ड्रायव्हरचं लक्ष नसलं तरी चाकाखाली पटाखा फुटला की तो ब्रेक मारणारच. स्टेशन मास्तरकडून ब्लॉक घ्यायचा तोही नोंद करून, नंबर देऊन-घेऊन. हे सगळं करायला वेळ लागतो. बाराशे मीटर चालत जायचं, परत यायचं, उन्हात, खडीवरून. काम पंधरा मिनिटांचं असतं आणि तयारीलाच पाऊण तास जातो.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. कुठला सेक्शन ते सांगत नाही. एका ठेकेदाराची माणसं रुळाला अगदी लागून खोदकाम करत होती. त्यांच्या संरक्षणासाठी आमचा एक ट्रॅकमन नेमला होता. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा, दहावी झालेला, आमच्याकडे लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. ठेकेदाराचा सुपरवायझर घाईत होता. पुढची गाडी यायला अर्धा तास आहे, कशाला एवढं चालत जातोस, इथेच झेंडी घेऊन उभा राहा, सगळीकडे असंच चालतं, असं तो म्हणाला. मजूरही त्याच्याच बाजूने. दिवसाच्या कामावर त्यांचे पैसे होते. पोराने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि कानडीत म्हणाला, "रूल अंद्रे रूलु, सार." रूल म्हणजे रूल. पटाखे लागल्याशिवाय एकही माणूस रुळाजवळ जाणार नाही.

दीड तास काम बंद राहिलं. फोनाफोनी झाली. 'हा बंडखोर कुठून आणला?' हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. मी शेवटी तिथे पोचलो, पटाखे लावून घेतले, काम सुरू झालं. त्या दिवशी गाडी वेळेवरच आली, लवकर आली नाही. म्हणजे त्या पोराचं बरोबर होतं हे सिद्ध करणारं काहीच घडलं नाही. असे सिनेमासारखे प्रसंग रुळावर रोज घडत नाहीत, आणि घडावेत अशी इच्छाही नको. पण माझ्या मनात तो शब्द राहिला. शंभर टक्के नियम पाळणारा माणूस तिथे बंडखोर ठरला होता. नियम मोडू पाहणारे बाकी सगळे मात्र गुणी, समजूतदार, मिळून-मिसळून वागणारे!

मित्रहो, मला वाटतं आपला सगळा गोंधळ इथेच आहे. आपण समजतो की नियम मोडणं म्हणजे बंड आणि नियम पाळणं म्हणजे आज्ञाधारकपणा. पण 'सगळीकडे असंच चालतं' म्हणून नियम मोडणारा माणूस बंडखोर कसला? तो तर पुढच्याची री ओढतो आहे. सिग्नल लाल असताना सिल्क बोर्डच्या चौकात पंचवीस स्कूटरी एकदम निघतात, त्यांत बंडखोर एकही नसतो. पंचविसावा थांबला आणि मागचे हॉर्न सहन करत उभा राहिला, तर त्याला काहीतरी सोसावं लागतं.

आमच्या जनरल रूल्समध्ये हे धरलेलं आहे. प्रत्येक रेल्वे कर्मचाऱ्याने नियम पाळण्याला मदत करावी आणि कोणी ते मोडताना दिसला तर लगेच कळवावं, असं त्यात म्हटलं आहे. वाचायला सोपं आहे. पण ज्याच्याबरोबर रोज डबा खायचा त्याच्याबद्दल कळवायचं म्हणजे काय असतं हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

ह्यात फक्त आपलीच माणसं आहेत असं नाही. अमेरिकेचं चॅलेंजर यान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले रॉजर बोजोली आणि त्यांचे सहकारी इंजिनियर सांगत होते की थंडी फार आहे, रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग दगा देईल, उड्डाण करू नका. त्यांच्याच व्यवस्थापकांनी त्यांना बाजूला ठेवून होकार कळवला. डायान व्हॉन नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पुढे ह्या निर्णयाचा बारकाईने अभ्यास करून १९९६ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की तिथे कोणी दुष्ट नव्हता. आधीच्या उड्डाणांत त्या रिंगा थोड्या थोड्या जळलेल्या दिसल्या होत्या, तरी यान सुखरूप परत आलं होतं. त्यामुळे थोडं जळणं हेच हळूहळू 'नॉर्मल' ठरत गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर पटाख्याशिवाय शंभर वेळा काम निभावलं की एकशे एकाव्या वेळी पटाखा मागणारा वेडा ठरतो.

आता ह्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी रूलबुकाची पोथी वाचतो आहे असं वाटेल. नियम पाळून बंडही करता येतं, आणि ते आम्हा रेल्वेवाल्यांइतकं कोणालाच जमत नाही! इंग्रजीत त्याला 'वर्क टू रूल' म्हणतात, आपण नियमानुसार काम म्हणतो. १९०५ साली इटलीतल्या रेल्वे कामगारांनी संप न करता नुसते सगळे नियम अक्षरशः पाळायला सुरुवात केली आणि गाड्यांचा खोळंबा करून टाकला. रशियन भाषेत आजही ह्या प्रकाराला 'इटालियन संप' असं नाव आहे. ह्यात गार्ड प्रत्येक डबा तपासतो, ड्रायव्हर कॉशन ऑर्डर शब्दन् शब्द वाचून मगच सही करतो, शंका आली की गाडी उभी. चार्जशीट कशाबद्दल देणार? नियम पाळला म्हणून? साहेब लोकांची खरी पंचाईत तिथे होते. एरवी गाडी चालते ती नियमांमुळे, आणि नियमांत न लिहिलेल्या माणसांच्या आपुलकीमुळेसुद्धा, हे त्या दिवशी कळतं. माणसाने आपुलकी काढून घेतली आणि नुसता नियम समोर ठेवला की गाडी थांबते.

आणि १९७४ साली तर गाड्या खरोखरच थांबल्या. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण रेल्वेत नवीन लागलेल्या प्रत्येकाला जुनी माणसं अजूनही तो संप सांगतात. ८ मे ते २७ मे, वीस दिवस. देशभरातले सुमारे १७ लाख रेल्वे कामगार. कामाचे तास आठ करा, बोनस द्या, सरकारी कारखान्यांतल्या कामगारांच्या बरोबरीने पगार द्या, ह्या मागण्या होत्या. हजारो लोक तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या, बायकामुलांसकट क्वार्टरमधून बाहेर काढलं गेलं. संप मागे घ्यावा लागला. हाती त्या वेळी काही पडलं नाही. आज दसऱ्याच्या सुमारास रेल्वेवाल्याच्या घरी बोनस येतो आणि मिठाईचा पुडा येतो, तो बोनस सुरू झाला १९७९ मध्ये. ज्यांनी मागितला त्यांतल्या बऱ्याच जणांना तोवर वाट बघावी लागली.

त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस. मुंबईचे म्हणून आपण त्यांना ओळखतो, कारण १९६७ साली त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं. ते जन्माने मंगळूरचे. पण त्यांचं पहिलं बंड झालं ते आपल्या मल्लेश्वरममध्ये. १९४६ साली घरच्यांनी त्यांना पाद्री होण्यासाठी इथल्या सेंट पीटर्स सेमिनरीत पाठवलं होतं. सोळा वर्षांचा मुलगा. वरिष्ठ पाद्री वेगळ्या टेबलावर बसून चांगलं जेवतात आणि विद्यार्थ्यांना वेगळं, हे त्याला खटकलं. उपदेश एक आणि आचरण दुसरं. दोन-अडीच वर्षांत त्याने ते सोडलं आणि १९४९ साली मुंबईची गाडी पकडली. नीट पाहिलं तर सेमिनरीने जे शिकवलं तेच त्याने गंभीरपणे घेतलं होतं, म्हणून तिथे त्याला राहवलं नाही.

आता ज्यांच्यासाठी मी हा सगळा प्रवास केला त्यांच्याकडे येतो. प्राध्यापक मधु दंडवते.

जन्म १९२४ चा, अहमदनगरचा, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात निःशस्त्र गेले आणि पोर्तुगीज पोलिसांची बेदम मारहाण सोसून आले. १९७१ पासून राजापूरचे खासदार. कोकणातल्या आपल्या मंडळींना हे सांगायला नको. समाजवादी, अत्यंत शिस्तीचे, संसदेच्या नियमांचे पक्के जाणकार.

जून १९७५ मध्ये संसदेच्या एका संयुक्त समितीची बैठक तेव्हाच्या बंगलोरला होती. त्यासाठी दंडवते इथे आले होते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही आले होते. समितीचा विषय काय होता, ऐका. पक्षांतरविरोधी विधेयक! आमदार-खासदारांनी इकडून तिकडे उड्या मारू नयेत, पक्षाची शिस्त पाळावी, ह्यासाठी कायदा कसा करावा ह्यावर ते विचार करणार होते. आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, २६ तारखेला ह्या चौघांना इथेच अटक झाली. निष्ठा कशी राखावी ह्याचा कायदा करायला आलेली माणसं देशाला धोकादायक ठरून आपल्या सेंट्रल जेलमध्ये गेली. रेल्वेत म्हणायचं तर सिग्नल दुरुस्त करायला आलेल्या माणसालाच सिग्नल मोडल्याबद्दल पकडलं.

त्या तुरुंगात ही मंडळी एकत्र राहिली. समाजवादी, जनसंघवाले, जुने काँग्रेसवाले. बाहेर एकमेकांविरुद्ध भाषणं करणारी. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताई त्याच वेळी पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात होत्या. नवरा बंगलोरला, बायको येरवड्याला, आणि दोघांमध्ये पत्रं, तीही सेन्सॉरच्या हातून गेलेली.

ह्याच तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या. 'संस्कार' ह्या गाजलेल्या कानडी सिनेमातल्या नायिका, फर्नांडिसांच्या मित्रपरिवारातल्या. फर्नांडिस भूमिगत होते, त्यांचा ठावठिकाणा पोलिसांना हवा होता. बाईंना दम्याचा तीव्र विकार होता. रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून येणारे आवाज ऐकू यायचे, असं दंडवत्यांनी नंतर लिहून ठेवलं आहे. प्रकृती फारच ढासळल्यावर त्यांना सोडलं, आणि थोड्याच दिवसांत, २० जानेवारी १९७७ रोजी, त्या गेल्या. आज मल्लेश्वरम किंवा बसवनगुडीत तिशीतल्या मुलामुलींना विचारलं तर हे नाव किती जणांना ठाऊक असेल, मला शंका आहे.

दंडवते आणि त्यांच्या सोबत्यांनी तुरुंगातून काय केलं? कर्नाटक उच्च न्यायालयात अर्ज केले. आम्हाला कोणत्या कायद्याने पकडलं ते सांगा, एवढंच. म्हणजे पुन्हा तेच, रूल अंद्रे रूलु. कर्नाटकासह देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकता येतील असं म्हटलं. सरकार वर गेलं. सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्ती बसले आणि २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल आला. चार विरुद्ध एक. आणीबाणीचा आदेश आहे तोवर अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, असं चौघांनी ठरवलं. त्या चौघांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळा निकाल लिहून मोकळे झाले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीश होण्याची पाळी त्यांची होती. त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्तींना नेमलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

मी कायद्याचा माणूस नाही, पण पाचही जणांसमोर राज्यघटना एकच होती, आदेश एकच होता, पुस्तकं तीच होती. खन्नांनी घोषणा दिली नाही, कोर्टावर बहिष्कार घातला नाही. त्यांनी फक्त आपलं नेमून दिलेलं काम केलं, आणि ते केल्याने काय जाईल हे त्यांना नक्की ठाऊक होतं. ह्या माणसाला तुम्ही बंडखोरांच्या रांगेत बसवाल की आज्ञाधारकांच्या? तरुण मंडळींना मी हाच प्रश्न विचारणार आहे, चहाच्या वेळी.

गोष्ट तिथे संपली नाही. हा निकाल रद्द झाला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. तो खटला घालणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आपल्याच बेंगळुरूचे, वयाच्या ऐंशीच्या पुढे असताना त्यांनी तो घातला. आणि जुना निकाल चुकीचा होता असं ज्यांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं ते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांचा निकाल मुलाने खोडला. आपल्याकडे मुलाने वडिलांचा शब्द मोडला की चार घरांत चर्चा होते. इथे मुलाने तो कोर्टाच्या पद्धतीप्रमाणे, कारणं देऊन मोडला.

दंडवत्यांकडे परत येऊ. मार्च १९७७ मध्ये आणीबाणीवाल्यांचा पराभव झाला आणि तुरुंगातून आलेले हे प्राध्यापक रेल्वेमंत्री झाले. बंडखोराच्या हातात खातं आलं की तो काय करतो हे बघण्यासारखं असतं. अनेकदा तो आधीच्यासारखाच होतो, फक्त फोटो बदलतो. दंडवत्यांनी पहिल्यांदा काय केलं तर १९७४ च्या संपात ज्यांना काढून टाकलं होतं त्या कामगारांना परत घेतलं. आमच्या खात्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी त्यांचं नाव आजही आदराने येतं ते ह्यामुळे.

आणि दुसरं काम? माफ करा, पण इंजिनियर म्हणून मला ह्याचं सगळ्यात जास्त कौतुक आहे. दोन इंच फोम.

आज आपण स्लीपर क्लासच्या निळ्या बर्थवर पाठ टेकतो तेव्हा मनातही येत नाही की इथे एके काळी नुसतं लाकडी फळकूट होतं. थर्ड क्लास हे नाव १९७४ साली गेलं, सगळा सेकंड क्लास झाला, पण फळकूट तसंच राहिलं. गरीब माणसाने रात्रभर पाठ मोडून घ्यायची, अशीच रीत होती आणि कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. असा काही नियम नव्हता, बरं का! रूलबुकात कुठेही लिहिलं नव्हतं की दुसऱ्या वर्गाचा बर्थ कडकच असावा. ती नुसती सवय होती, इंग्रजांच्या काळापासूनची. दंडवत्यांचं म्हणणं होतं की पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसरा वर चढवायचा. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. त्या गाडीत वर्गच नव्हते, सगळे डबे सारखे, आणि बर्थवर फोमची गादी. पुढे हळूहळू सगळ्या गाड्यांत ती आली. फाइल फिरली, टेंडर निघालं, खर्च मंजूर झाला. एक काच फुटली नाही. मागची पन्नास वर्षं कोट्यवधी लोक रोज रात्री त्या बंडावर झोपतात.

पुढे १९८९ च्या शेवटी फर्नांडिस स्वतः रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री. एक मंगळूरचा, दुसरा राजापूरचा खासदार, आणि मधे रेल्वे नसलेला सगळा कोकण! १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन निघालं, ई. श्रीधरन यांच्याकडे काम दिलं, आणि २६ जानेवारी १९९८ पासून रोहा ते मंगळूर सलग गाडी धावू लागली. नेहमीच्या पद्धतीने बजेटमधून दरवर्षी थोडे थोडे पैसे घेत बसलो असतो तर आपल्यातल्या रत्नागिरी-कणकवलीच्या मंडळींना गणपतीला अजूनही एसटीच धरावी लागली असती. त्या मार्गावरचे पूल आणि बोगदे हा माझ्यासाठी वेगळ्या भाषणाचा विषय आहे, मंडळाने पुढच्या वर्षी बोलावलं तर सांगेन.

दंडवते १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत गेले. देह जे. जे. रुग्णालयाला दिला. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, तेव्हा शेवटीही विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडले.

आणि ते सेंट्रल जेल? शेषाद्री रोडवर होतं, तुरुंग परप्पन अग्रहारला हलल्यावर २००८ साली तिथे फ्रीडम पार्क झालं. मुलांना घेऊन जरूर जा. कोठड्यांच्या रांगा, टेहळणीचा बुरूज, काही गोष्टी जपून ठेवल्या आहेत. आणखी एक गंमत तिथे आहे. शहरात मोर्चा, धरणं, निदर्शनं काय करायची ती आता फ्रीडम पार्कमध्येच करायची असा २०२१ चा पोलीस आदेश आहे. परवानगीचा अर्ज करायचा, वेळ ठरवून घ्यायची, बॅरिकेडच्या आत घोषणा द्यायच्या आणि वेळ संपली की घरी. वाहतुकीची कोंडी होते हे मला मान्य आहे, मीही त्याच रस्त्याने जातो. पण जुन्या तुरुंगाच्या आवारात, छापील फॉर्म भरून बंड करायचं, हे चित्र मला कसंसंच वाटतं. आमच्या रजेच्या अर्जाची आठवण येते. 'आपला आज्ञाधारक निदर्शक.'

हसू नका, आपणही त्यातलेच आहोत. घरातला देव चौकात आणून बसवणं हे पुण्यात १८९२-९३ च्या सुमारास केवढं धाडस होतं! सनातन्यांना पसंत नव्हतं, सुधारकांना पसंत नव्हतं, सरकारला संशय होता. पहिला गणपती टिळकांचा की भाऊ रंगारींचा, ह्यावर पुण्यात अजून भांडण आहे. आपण बेंगळुरूत राहतो, त्यात पडायचं कारण नाही. आज आपल्या चिटणीसांच्या फाइलमध्ये पोलिसांची परवानगी, पालिकेची परवानगी, वीज कंपनीची परवानगी, अग्निशमनची परवानगी. सगळ्यावर शिक्के.

त्या परवानग्या घेऊ नयेत असं मी म्हणत नाही, मी तर म्हणेन की आणखी नीट घ्या. मंडपातली वायर मी आत्ताच पाहिली, जोडाला टेप नाही. पण गेल्या वर्षी ह्याच मंडपात दोन मुलींनी विचारलं होतं की शाडूची मूर्ती आणि लहान मिरवणूक असं आपण का करत नाही, नियमही तसाच आहे. तेव्हा आपल्यातले काही ज्येष्ठ, माझे मित्रच आहेत, म्हणाले, हल्लीची पिढी फार बंडखोर झाली आहे, सगळीकडे जसं चालतं तसंच आपण करतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीला बंदी सरकारची. त्या मुली सरकारचा नियमच वाचून दाखवत होत्या. त्या माझ्या ट्रॅकमनची मला तेव्हा फार आठवण आली, पण बैठक आवरती घ्यायची होती.

यंदाची मूर्ती शाडूची आहे हे आपण सगळे समोर बघतोच आहोत. त्या दोघींपैकी एक आज मागच्या रांगेत उभी आहे, दुसरी परीक्षेमुळे आलेली नाही. मिरवणुकीचा प्रश्न अजून कार्यकारिणीपुढे आहे, त्यावर रविवारी बैठक आहे आणि माझं मत मी तिथे मांडीन.

आरतीची वेळ झाली, चिटणीस घड्याळाकडे बघत आहेत, आणि मी वेळेच्या बाबतीत रेल्वेची आणखी बदनामी करू इच्छित नाही.

गणपती बाप्पा मोरया!